‘हौस’ या शब्दाबद्दल : एका निवृत्त सरांना उत्तर

सर, नमस्कार.

‘या आठवड्यात आमच्या वर्गात’ या माझ्या मागच्या नोंदीवर तुमची प्रतिक्रिया आली. ‘एक निवृत्त शिक्षक’ एवढीच ओळख तुम्ही दिली आहे, म्हणून सर म्हणते. दहावीच्या मुलांना बुधवारच्या बाजारात नेलं आणि शुक्रवारी वर्गात ग्रामसभा भरवली, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीचं साल चुकलं, पोर्शन मागे पडतो, कच्च्या मुलांच्या वहीत उत्तरं नसतील तर ती पेपरात काय लिहिणार, आणि मुलांचे फोटो टाकू नयेत. शेवटी एक वाक्य : ‘बाई, मुलांचे तास तुमच्या हौसेसाठी नाहीत.’

साल चुकलं, हे कबूल. संसदेने ती दुरुस्ती डिसेंबर 1992 मध्ये मंजूर केली, अंमल 24 एप्रिल 1993 पासून झाला. मी अंमलाचं साल दुरुस्तीचं म्हणून लिहिलं. नोंदीत बदल केला आहे. आभार.

आता हौस. हा शब्द एखाद्या पालकाने लिहिला असता तर मी दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसले असते. पण तुम्ही वर्गात उभे राहिलेले आहात. 52 मुलांना बाजारात न्यायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, सोबत यायला तयार होणारा एक सहकारी, दुसऱ्या विषयाच्या बाईंकडून मागून घेतलेला तास, आणि मंगळवारी रात्री अकरापर्यंत बसून तयार केलेली प्रश्नावली. झेरॉक्सचे पैसे माझे. हौस लग्नकार्यात करतात, सर. याला मी काम म्हणते.

आणि भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’ आहे, तो मी लिहिलेला नाही. तो बाकावर बसून मोठ्याने वाचायचा आणि ‘क्षेत्रभेटीची आवश्यकता’ या प्रश्नाचं उत्तर फळ्यावरून उतरवून घ्यायचं, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? आमचं गाव कऱ्हाडच्या बाजूचं. बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणाऱ्या मावशी चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येतात. मुलांनी त्यांना विचारलं, तिकडे पाऊस कसा असतो? त्या म्हणाल्या, ‘जून लागला की सुकवायचं बंद, मीठसुद्धा पाणी सोडतं.’ दुसऱ्या दिवशी मी नकाशा लावला. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या आपल्या कऱ्हाडला हजाराच्याही खाली. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, हा शब्द त्या दिवशी मला पाठ करून घ्यावा लागला नाही. मागच्या बाकावरच्या मुलाने, जो एरवी उत्तर द्यायला उठत नाही, हाताने डोंगर दाखवून ढग कुठे रिकामे होतात ते सांगितलं. ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न बोर्डाच्याच पेपरात असतो ना?

‘आमच्या काळात मुलं उत्तरं पाठ करायची आणि निकाल लागायचे,’ असंही तुम्ही लिहिलंत. त्याच काळातली मी विद्यार्थिनी आहे, म्हणून हे सांगते. नागरिकशास्त्रात मी वर्गात पहिली होते. ग्रामपंचायतीची कामं मला ओळीने पाठ होती, आजही येतील. त्यानंतर वर्षभरातच माझी आई महिलांच्या राखीव जागेवर सदस्य म्हणून निवडून आली. चौथी शिकलेली बाई. पंचायतीतून प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, घरी यायचं, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलेलं असायचं आणि वरचं अर्धं पान कोरं. आई माझ्याकडे बघायची. घरात शिकलेली मीच. मी सांगायचे, ‘कर गं, सगळेच करतात.’ पुढे त्या कोऱ्या जागेत एका विहिरीच्या पंपाचा खर्च चढला. तो पंप गावात कुणीच पाहिला नाही, आणि चौकशीत आईला उभं राहावं लागलं. पाठ केलेल्या उत्तरांत कोऱ्या पानाचं काही नव्हतं. आई आता नाही. ती गोष्ट मी वर्गात कधी सांगितलेली नाही, आज तुमच्यामुळे इथे लिहिते आहे.

म्हणून शुक्रवारची ग्रामसभा. ती नाटक नव्हती. मुलांनी विषयपत्रिका लिहिली, ठराव मांडला, अनुमोदन दिलं, इतिवृत्त वाचून दाखवल्यावरच सह्या केल्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान हजर हवी ती संख्या, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल ते, एवढं सांगितलं. एका मुलीने लगेच 52 चे 15 टक्के काढले आणि आठ जण हवेत म्हणाली. मग तिनेच विचारलं, ‘बाई, आपल्या गावच्या सभेला खरंच शंभर माणसं येतात का?’ ती संध्याकाळी घरी वडिलांना विचारून आली. काय उत्तर मिळालं ते लिहीत नाही, गाव लहान आहे. ‘संविधानाची वाटचाल’ या धड्यात स्थानिक शासन आहे, महिलांसाठी 50 टक्के जागा आहेत, माहितीचा अधिकार आहे. हे सगळं त्या एका तासात आलं. बोर्ड ‘सकारण स्पष्ट करा’ असं विचारतं. कारण माहीत असलेलं मूल ते लिहील.

पोर्शनची काळजी करू नका, वेळापत्रक माझ्याकडे आहे. वह्यांचं म्हणाल तर त्या मी तपासते. फोटोंचा विषय शाळेचा आणि पालकांचा आहे, तो इथे नको.

तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण नाव न देता, एकदाही वर्गात न येता, दुसऱ्या शिक्षकाच्या आठवडाभराच्या कामाला एका शब्दात निकालात काढायचं, ही रीत मला पटली नाही. तुमच्या हाताखालच्या तरुण शिक्षकांशीही तुम्ही असंच बोलत आला असाल तर त्यांचं वाईट वाटतं. हे कडक झालं असेल, पण खोडत नाही.

सोमवारी पहिल्या तासाला 1992 आणि 1993 ही दोन्ही सालं फळ्यावर लिहीन. बाईंची चूक एका निवृत्त सरांनी दाखवली, हेही मुलांना सांगेन. तुमचं शेवटचं वाक्य मात्र सांगणार नाही.