शस्त्रं द्यायची तर वेळेत द्या

‘शस्त्रं दिली की युद्ध लांबतं.’ युक्रेनचा विषय निघाला की हे वाक्य हटकून ऐकू येतं. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मनापासून शांतता हवी असते, म्हणूनच त्यांच्याशी मला नीट बोलायचं आहे. हल्ला झालेल्या देशाला शस्त्रं न देण्याचा प्रयोग युरोपात एकदा करून झाला आहे. तो साडेतीन वर्षं चालला आणि त्याचं काय झालं याची नोंद आहे.

२५ सप्टेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक ७१३ मंजूर केला. युगोस्लाव्हिया फुटू लागला होता आणि तिथं कुणालाही शस्त्रं पुरवायची नाहीत, असं ठरलं. कागदावर बंदी सर्वांना सारखी होती. पण तोफा, रणगाडे आणि विमानं असलेलं सैन्य आधीच बेलग्रेडच्या, म्हणजे सर्बियाच्या वर्चस्वाखालच्या युगोस्लाव्ह सरकारच्या, हाताखाली होतं, त्यामुळे बेलग्रेडनं या बंदीला खुशीनं संमती दिली. युगोस्लाव्हियाचाच भाग असलेला बोस्निया तेव्हा स्वतंत्र देशही नव्हता. मे १९९२मध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१नुसार त्याला स्वसंरक्षणाचा हक्क मिळाला, आणि त्याच्या जन्माआधीच्या ठरावानं तो हक्क बजावण्याची साधनं मात्र त्याला मिळू दिली नाहीत. त्याच महिन्यात युगोस्लाव्ह सैन्य बोस्नियातून अधिकृतपणे बाहेर पडलं. जाताना तिथले सर्ब सैनिक आणि अवजड शस्त्रं मागेच ठेवली. त्यातूनच बोस्नियन सर्बांचा सेनापती रात्को म्लादिच याचं सैन्य उभं राहिलं.

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो जवळपास चार वर्षं बोस्नियन सर्बांच्या वेढ्यात होती. १९९३मध्ये शहरातल्या लोकांनी विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटर लांबीचा बोगदा खणला. अन्न, औषधं, जखमी माणसं आणि बंदुका, सगळं त्यातून जायचं-यायचं. वर धावपट्टीचा ताबा संयुक्त राष्ट्रांकडे होता. म्हणजे सदस्य देशाला स्वतःच्या राजधानीत बंदूक आणायची तर ज्या संघटनेचा तो सदस्य, तिच्याच पायाखालून चोरून आणावी लागत होती. मला हे आजही सहन होत नाही.

जून १९९३मध्ये बोस्नियाला या बंदीतून वगळावं असा प्रस्ताव सुरक्षा परिषदेत आला. बाजूनं सहा मतं पडली आणि नऊ देश तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला. बंदी उठवली तर दोन्ही बाजूंना मारामारीचं सारखंच मैदान मिळेल, एवढंच होईल, अशा अर्थाचं ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांचं म्हणणं होतं. मैदान सारखं झालं नाही आणि माणसं मरायची थांबलीही नाहीत. त्या युद्धात सुमारे एक लाख माणसं गेली.

स्रेब्रेनित्साबद्दल वेगळं लिहायलाच हवं. एप्रिल १९९३मध्ये पूर्व बोस्नियातलं ते गाव संयुक्त राष्ट्रांचं ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या बचाव करणाऱ्यांनी आपली शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांकडे जमा करावीत, असा करार झाला. जुलै १९९५मध्ये म्लादिचचं सैन्य चालून आलं, तेव्हा बचाव करणाऱ्यांनी जमा केलेली शस्त्रं परत मागितली. ती मिळाली नाहीत. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या काळात १९९९मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच याचा अहवाल प्रसिद्ध केला. शस्त्रबंदीनं सर्बांचं वर्चस्व जसंच्या तसं टिकवलं आणि बोस्नियाला सनदेनं दिलेल्या स्वसंरक्षणाच्या हक्कापासून वंचित ठेवलं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

बळी तो कान पिळी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बलवान कोण हे ठाऊक असताना बाकीच्यांनी हात बांधून उभं राहणं म्हणजे त्याची बाजू घेणंच आहे. त्याला तटस्थता म्हणायला मी तयार नाही.

आणखी एक गोष्ट. लोकशाही देशांनी दार लावून घेतलं म्हणून शस्त्रं यायची थांबत नाहीत, दुसऱ्याच कुणाकडून येतात. १९९४पासून बोस्नियाला क्रोएशियामार्गे इराणची शस्त्रं मिळू लागली. अमेरिकेला ते माहीत होतं आणि तिनं अडवलं नाही. मरणाच्या दारात उभा असलेला देश देणाऱ्याचं नाव विचारत नाही.

आता युक्रेन. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचं लेखी आश्वासन दिलं. बदल्यात युक्रेननं आपल्या भूमीवरची सुमारे १९०० सामरिक अण्वस्त्रं सोडली. ती डागण्याचं नियंत्रण मॉस्कोकडेच होतं हे खरं, तरी युक्रेननं आपला शब्द पाळला हेही तितकंच खरं. २०१४मध्ये रशियानं क्रिमिया घेतला. त्यानंतर ओबामांनी मारक शस्त्रं द्यायचं नाकारलं. जानेवारी २०२२मध्ये सीमेवर रशियन फौजा जमलेल्या असताना जर्मनीनं ५००० हेल्मेटं देऊ केली.

पुढे शस्त्रं मिळाली, भरपूर मिळाली, पण प्रत्येक वेळी उशिरा. जर्मन बनावटीच्या लेपर्ड रणगाड्यांचा निर्णय जानेवारी २०२३मध्ये झाला. तोवर दक्षिण युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या दिशेनं रशियाचं खंदक खणणं आणि सुरुंग पेरणं जोरात सुरू झालं होतं. जूनमध्ये युक्रेननं प्रतिहल्ला केला, तेव्हा ते रणगाडे त्या सुरुंगांतच अडकले. २०२४च्या फेब्रुवारीत पूर्व युक्रेनमधलं आवदीव्का शहर पडलं, तेव्हा युक्रेनच्या तोफांना गोळे पुरत नव्हते आणि वॉशिंग्टनमध्ये मदतीचं विधेयक लोंबकळत होतं. सुमारे ६१ अब्ज डॉलरच्या त्या मदतीला एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली. ज्या एफ-१६ विमानांची मागणी सुरुवातीपासून होती, ती २०२४च्या मध्यानंतर पोहोचली. वेळेत सगळं मिळालं असतं तर युक्रेन नक्की जिंकला असता, असा दावा मी करत नाही. पण पडू नये इतपतच द्यायचं आणि समोरच्याला तयारीला वेळ द्यायचा, या धोरणानं युद्ध लांबलं असं मी नक्की म्हणेन. युद्ध लांबल्याचा राग करायचा तर तो या उशिरावर करावा.

अणुयुद्धाची भीती मी झटकून टाकत नाही. रशियाकडे अण्वस्त्रं आहेत आणि ती वापरण्याच्या धमक्या तिथल्या नेत्यांनी दिल्या आहेत. देणाऱ्या सरकारांनी प्रत्येक पाऊल तोलून टाकावं, हे मान्यच आहे. पण हायमार्स हे अमेरिकी रॉकेट लाँचर दिले तर भडका उडेल, रणगाडे दिले तर, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं दिली तर, विमानं दिली तर, असं प्रत्येक वेळी म्हटलं गेलं आणि शेवटी ते सगळं दिलंच गेलं. धोका तेवढाच राहिला, मधले महिने मात्र आघाडीवरच्या माणसांनी मोजले. आणि धमकी दिली की जग मागे सरतं हे एकदा दिसलं, की अण्वस्त्रं सोडणारा पुढचा देश कुठून मिळणार?

माझ्या मताच्या विरोधात जाणारी उदाहरणंही आहेत, आणि ती टाळून हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. सत्तरच्या दशकात इराण आणि अमेरिकेनं इराकमधल्या कुर्दांना शस्त्रं दिली. कुर्द नेते मुल्ला मुस्तफा बारझानी यांचे लोक लढत राहिले. मार्च १९७५मध्ये इराणच्या शाहनं अल्जिअर्समध्ये इराकशी करार केला आणि मदत एका झटक्यात थांबली. कुर्दांचा प्रतिकार कोसळला, लाखभराहून जास्त माणसं घरदार सोडून पळाली. कुर्दांनी जिंकावं अशी देणाऱ्यांची इच्छाच नव्हती, इराकला रक्तबंबाळ ठेवायचं होतं, हे पुढे अमेरिकी संसदीय समितीच्या चौकशीत आलं. अफगाणिस्तानातही सोव्हिएत फौजांविरुद्ध दिलेल्या शस्त्रांचा मोठा वाटा पाकिस्तानच्या गुप्तचर संस्थेनं स्वतःच्या मर्जीतल्या गटांकडे वळवला. सोव्हिएत सैन्य गेल्यावर त्याच गटांनी काबूल उद्ध्वस्त केलं.

या दोन्ही ठिकाणी शस्त्रं छुप्या मार्गानं गेली, आपल्या जनतेला उत्तर देणारं सरकार घेणाऱ्या बाजूला नव्हतं आणि देणाऱ्याचा हेतू वेगळाच होता. म्हणून माझा पाठिंबा सरसकट नाही. हल्ला झालेला असावा किंवा समोर दिसत असावा. लढायचं त्या देशानं स्वतः ठरवलेलं असावं आणि कधी थांबायचं हेही त्यानंच ठरवावं. व्यवहार उघड असावा, संसदेत मंजूर झालेला असावा, कुठली बंदूक कुठे गेली याची मोजदाद असावी. नागरी वस्त्यांवर मारा करायला शस्त्रं वापरली तर पुरवठा थांबावा, मग घेणारा कितीही दुबळा असो. आणि मदत निदान काही वर्षांसाठी कायद्यानं बांधलेली असावी, म्हणजे दुसऱ्या देशातल्या निवडणुकीवर कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही.

वाटाघाटी तर व्हायलाच हव्यात. पण बोस्नियात त्या केव्हा जमल्या तेही पाहा. १९९३ची व्हान्स-ओवेन शांतता योजना बोस्नियन सर्बांनी धुडकावली, कारण सुमारे ७० टक्के भूमी त्यांच्या ताब्यात होती आणि ती सोडण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. १९९५च्या उन्हाळ्यात क्रोएशियन आणि बोस्नियन फौजा पुढे सरकल्या, नाटोचे हवाई हल्ले झाले आणि सर्बांच्या ताब्यात जवळपास निम्मीच भूमी उरली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या डेटनला शांतता करार झाला. त्यानंतर अमेरिकेनं बोस्नियातल्या बोस्नियाक आणि क्रोएटांच्या संघराज्याच्या सैन्याला शस्त्रं आणि प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम उघडपणे हाती घेतला, आणि करार पाळला जातोय हे बघायला नाटोचे सुमारे ६० हजार सैनिक तिथं उतरले. त्या करारात दोष पुष्कळ आहेत, पण तिथं पुन्हा युद्ध पेटलेलं नाही. युक्रेनमध्ये युद्धविराम झाला, की आता शस्त्रं कशाला, असं म्हणणारे पुढे येतील. तेव्हाही पुरवठा चालूच राहायला हवा.