‘संवादात शब्द फक्त ७ टक्के’ : एक खुलासा

कॉलेजात संवादकौशल्याच्या तासाला हा आकडा हमखास फळ्यावर येतो: शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. तो सगळ्या बोलण्याला लावणं साफ चूक आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन अमेरिकी प्रयोगांतून हे आकडे आले. तिथे भाषणं नव्हतीच, सुटे शब्द होते. एका प्रयोगात तर ‘मेबी’ (कदाचित) हा एकच इंग्रजी शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढंच ओळखायचं होतं. हातवारे, उभं राहणं यांचा तर प्रश्नच नव्हता. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे समीकरण लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनी सांगितलं आहे.

शब्द ७ टक्केच असते, तर अनोळखी भाषेतलं व्याख्यानही आपल्याला जवळजवळ पूर्ण कळलं असतं!