अण्णांची काळजी आणि वहिनीचे तास

आईवडील थकले आणि मुलं परदेशात, हा विषय मराठी घरात निघाला की दहा मिनिटांत गाडी संस्कारांवर येते. एक बाजू म्हणते, एवढं शिकवून शेवटी फोनवर चौकशी. दुसरी म्हणते, जा जा म्हणून पाठवलं कुणी? मी जर्मनीत श्टुटगार्टला, वडील सांगलीत. त्यामुळे या खटल्यात मी न बोलावताच आरोपीच्या पिंजऱ्यात असते. पण माझं अण्णांवर प्रेम किती, याचा निकाल चुलत्या-मामांनी लावून अण्णांच्या पदरात काय पडणार? रात्री दोनला त्यांना बाथरूमला जायचं असतं तेव्हा उठतं कोण, ते विचारा.

उठते माझी वहिनी. अण्णांनी ऐंशी ओलांडली. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं, आजही भाजीवाल्याच्या आधी बेरीज त्यांची होते. पण झटका येऊन गेल्यापासून पलंगावरून उठायला हात द्यावा लागतो. वहिनी घरी शिकवण्या घ्यायची, त्या बंद झाल्या. नातेवाईक म्हणतात, सून मिळावी तर अशी. हे कौतुक ऐकलं की मला धास्ती वाटते. उद्या ती म्हणाली, मला आता होत नाही, तर हीच तोंडं काय बोलतील हे तिलाही ठाऊक आहे.

इथे माझ्या वरच्या मजल्यावरची बाई तिच्या आईला घरीच सांभाळते. जर्मनीत १९९५पासून यासाठी वेगळा, सक्तीचा विमा आहे. २०२५पासून त्याचा हप्ता पगाराच्या ३.६ टक्के झाला. मूलबाळ नसलेल्यांकडून ०.६ टक्के जादा घेतात. (आमच्या आत्याला मूल नाही म्हणून लोकांनी जन्मभर टोमणे मारले, इथे असती तर वर पैसेही कापले असते.) मदत हवी असेल तर तपासनीस घरी येतो. आंघोळ स्वतः करता का, गोळ्या कोण काढून देतं, रात्री उठवावं लागतं का, असं बारीकसारीक विचारतो आणि एक ते पाचमधली श्रेणी ठरते. शेजारणीच्या आईला तिसरी मिळाली. मुलगीच सांभाळते म्हणून महिना ५९९ युरो. शिवाय तिने नोकरीचे तास कमी केले, तर तिच्या पेन्शनच्या खात्यात विम्याकडून वर्गणी जमा होते. एवढ्यात भागत नाही आणि ती जिन्यात भेटली की त्याबद्दल भरपूर कुरकुरते. पण ती जे करते ते काम आहे, हे सरकारदरबारी लिहिलेलं आहे. वहिनीचं काम आमच्या रेशनकार्डावरही दिसायचं नाही.

आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. मुलं बघत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करायचा. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. घर नावावर करून घेऊन बापाला बाहेर काढणाऱ्यांसाठी असा कायदा हवाच. पण ज्या घराला सांभाळायचंय आणि जे दमलंय, त्याला त्यात काही नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी आणल्यानंतरचे डायपर, वॉकर, रात्रीची बाई ज्याचं त्याने बघायचं. पंचाहत्तरी झाली की एसटी फुकट. अण्णांना याचा कोण अभिमान. आता पायरी चढवत नाही एवढंच.

मग तिकडेच का नेत नाहीस? हा प्रश्न दर दिवाळीला येतो. १ मार्च २०२४पासून राहण्याचा पहिला परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांना आईवडील आणायची वाट जर्मनीने थोडी मोकळी केली. मी त्याआधी आले, म्हणून माझ्यासाठी अगदी अपवादात्मक हलाखी सिद्ध करायची जुनीच अट. त्यात या वयात आरोग्यविमा कोण देणार? आणि मुख्य म्हणजे अण्णांना यायचं नाहीये. झटक्याआधी एका उन्हाळ्यात येऊन गेले. इथे भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा असतो आणि पाळीची पाटी दाराला लटकते. ती त्यांना फार आवडली. आमची पाळी संपली तरी पाटी पुढच्या दारी देईनात. पण रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. त्या दिवशी ते कॅलेंडरकडे बघत बसायचे.

त्यांचं खरं आहे. २०१९च्या महापुरात सांगलीच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा अण्णा माडीवर अडकले होते आणि गल्लीतली पोरं होडीतून दूध पोचवत होती. ती पोरं कुठल्याच विम्यात बसत नाहीत. इथल्या वृद्धाश्रमात माणसं कमी, आणि विमा धरूनही महिन्याला दोन हजार युरोंहून जास्त खिशातून जातात. मात्र लेकाने आईला तिथे ठेवलं म्हणून शेजारी कुजबुजत नाहीत.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. २०२४मध्ये महाराष्ट्राने आमच्याच बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत, रुग्णालयातले मदतनीस आहेत. पोरं-पोरी शिकून इथे येणार असतील तर आनंदच आहे. पण अण्णांकडे दिवसपाळीला येणाऱ्या, बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशींना पलंगावरून माणूस उचलायचा कसा, हे कुणी शिकवलेलं नाही. पाठ धरली की शेक घेतात. त्या जतकडच्या. त्यांची आई गावी एकटी, शेजारीण भाकरी देते. जर्मन म्हाताऱ्यांसाठी वर्ग काढताच आहात, तर त्याच वर्गात मावशींनाही बसवा, आणि ब्युरो कमिशन किती कापतो तेही बघा.

हे मी फोनवर तावातावाने बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं.

"शिकल्यावर मावशी जास्त मागतील. देणार कोण?"

"मी देते, अण्णा."

"मावशींचं झालं. सूनबाईंच्या शिकवण्या बुडाल्या, त्याचा हिशेब?"

दादा मागून म्हणाला, घरात कसले हिशेब? अण्णांनी त्याला वही आणायला लावली. गेल्या रविवारी वहिनी आणि अण्णा तासाच्या दरावर अडले होते. ती कमी सांगत होती.