वाऱ्याचा फोटो येत नाही

नेदरलंड्समधली नोकरी घेताना माझ्या नवऱ्याला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं होतं. तिथे डोंगर नाही. पगार, थंडी, भाषा, भाडं या कशाबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या माणसाने शनिवार-रविवारी जायचं कुठे? देशाचा साधारण पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली. उरलेला वर आहे म्हणतात, पण उगाच आपला म्हणायला. रॉटरडॅमच्या ज्या भागात आम्ही राहतो तो समुद्रसपाटीपासून पाच-सहा मीटर खाली आहे. दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा कुठे आम्ही समुद्राच्या बरोबरीला आलो.

त्याने नेट लावून शोध घेतला आणि देशाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात फाल्सरबेर्ख नावाचा डोंगर सापडला. उंची ३२२ मीटर. ट्रेन, मग बस, असं करत आम्ही तिथे गेलो. याच्या पायात ट्रेकिंगचे बूट, पाठीला सॅक, सॅकमध्ये हेडटॉर्च. वर पोचलो तर गाडीतळ भरलेला, कॅफेसमोर रांग आणि शिखरावर बाबागाडीतून आलेलं एक बाळ बटाट्याचे तळलेले काप खात होतं. तिथे नेदरलंड्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या सीमा एकत्र येतात. १९२० पर्यंत न्यूट्रल मोरेस्नेट नावाचा एक चिमुकला प्रदेशही तिथे येऊन मिळत होता, म्हणजे चार सीमा होत्या. मी आनंदाने तिन्ही देशांत एकेक पाऊल टाकून आले. नवरा मात्र बाळाकडे बघत उभा होता.

परतीच्या ट्रेनमध्ये फोनवर बघता बघता त्याने आणखी एक दुःखद माहिती दिली. २०१० मध्ये कॅरिबियन समुद्रातलं साबा बेट नेदरलंड्सची विशेष नगरपालिका झालं आणि तिथला माउंट सीनरी हा साडेआठशे मीटरहून उंच ज्वालामुखी पर्वत आला देशाच्या खात्यात. म्हणजे ज्या शिखरावर आम्ही गेलो ते आता पहिल्या क्रमांकाचंही नव्हतं. डोंगर पाहिजे म्हणून एखाद्या देशाला अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो, याचं मला हसू आलं. त्याला नाही आलं.

मग आम्ही सायकली घेतल्या. सेकंडहँड, काळ्या, वजनदार. हँडलला ब्रेक नाहीच. पॅडल उलटं दाबलं की सायकल थांबते. सिग्नलला उभं राहिल्यावर पॅडल मागे फिरवून सोयीचं करून घ्यायची आपली सवय इथे चालत नाही, आणि एखादी सायकल अंगावर आली की आपण हँडलवर जे चाचपतो तेही तिथे नसतं. हे अंगवळणी पडलं की मात्र देश मोठा सोयीचा आहे. तांबड्या डांबराचे सायकलरस्ते, त्यांचे वेगळे सिग्नल, आणि गावाबाहेर पडलं की जागोजागी क्रमांकाच्या पाट्या. बेल्जियमच्या लिम्बुर्गमधल्या एका खाण-अभियंत्याला ही कल्पना सुचली. सायकलरस्ते जिथे मिळतात त्या ठिकाणांना क्रमांक द्यायचे. आपण निघताना क्रमांक ओळीने लिहून घ्यायचे आणि एका पाटीवरून पुढच्या पाटीकडे जात राहायचं. ही चिठ्ठी माझा नवरा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने हँडलच्या केबलला लावतो. पाऊस आला की शाई ओघळते, एकाचा सात होतो, आणि आम्ही कोणाच्या तरी गोठ्यापाशी निघतो. गाई मान वर करून बघतात. बहुधा त्यांना सवय असावी.

एवढ्यावर निभावलं असतं. पण इथे वारा आहे.

वाऱ्याबद्दल मला कोणी सावध केलं नव्हतं. पावसाबद्दल सगळ्यांनी सांगितलं. रेनपँट घे, छत्री नेऊ नकोस, पावसाच्या रडारचं अ‍ॅप ठेव. पुढच्या दोन तासांत कुठल्या पाच मिनिटांत सर येणार तेही ते अ‍ॅप दाखवतं, आणि ऑफिसात माणसं मीटिंग सोडून त्याच्याकडे डोळे लावून बसतात. वाऱ्याचा विषय मात्र कोणी काढत नाही, कारण तो त्यांच्या लेखी विषयच नाही. उत्तर समुद्रावरून निघालेल्या वाऱ्याला आमच्या दारापर्यंत अडवायला टेकाड म्हणून नाही. आहेत त्या फक्त गाई, आणि त्या बसून घेतात.

किंडरडाइकला जायचं ठरलं त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. तिथे १९ जुन्या पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपास बांधलेल्या, आणि १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. आमच्याकडून सायकलने पंधराएक किलोमीटर. मध्ये क्रिम्पनपाशी छोट्या फेरीबोटीतून सायकलसकट लेक नदी ओलांडायची की पलीकडे लगेच पवनचक्क्या. जाताना आम्ही असे सुटलो की बोलता सोय नाही. पॅडलवर पाय नुसता ठेवायचा. नवरा शीळ घालत होता. "आता आपला स्टॅमिना तयार झालाय," असं तो म्हणाला, आणि "आज वाराच नाहीये," असंही म्हणाला. पाठीमागून येणारा वारा आपल्याच वेगाने येत असला की अंगाला लागत नाही, हे फिजिक्स त्याला येतं. इंजिनियर आहे. पण स्वतःचा स्टॅमिना हे कारण हाताशी असताना फिजिक्सकडे कोण जातं?

पवनचक्क्या बघून मी खरंच हरखले. पाण्याच्या दोन्ही अंगांना त्या रांगेने उभ्या, काही विटांच्या, काही गवताने शाकारलेल्या. त्यांतली एक फिरत होती, आणि जवळ उभं राहिलं की एकेक पातं खाली येताना हूंऽऽ असा आवाज करत जमिनीला टेकल्यागत जातं. पवनचक्कीची वरची टोपी फिरती असते. चक्कीवाला ती फिरवून पाती बरोब्बर वाऱ्याच्या तोंडावर आणतो. माझं लक्ष त्या पात्यांकडे गेलं. त्या ज्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या ती दिशा घराची होती.

"अरे," मी म्हटलं, "वारा तिकडून येतोय."

"असू दे की. सपाट तर आहे."

तिथून रॉटरडॅमला वॉटरबस जाते. ती सायकली घेते. धक्का डोळ्यांसमोर होता. मी नुसतं त्या दिशेने पाहिलं. "आलो तसे जाऊ," तो म्हणाला.

ताशी तीस किलोमीटरचा वारा समोरून येत असेल आणि आपण ताशी बाराने रेटत असू, तर छातीवर बसतो तो बेचाळीसचा वारा, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. हे मला परतीच्या वाटेवर बांधावरून जाताना ओरडून ओरडून समजावण्यात आलं. यावर उपायही होता. एकाने पुढे राहायचं, दुसऱ्याने त्याच्या चाकाला चिकटून आडोशात चालवायचं. मागच्याची ताकद बरीच वाचते. शर्यतीतले सायकलवाले असंच करतात.

"अगं, जवळ राहा!"

"काय?"

"जवळ!"

"जेवण? आत्ता?"

पुढे राहून राहून तो दमला तेव्हा पाळी बदलायची असं ठरलं. मी पाच फूट एक इंच, तो सहा फूट. मी पुढे झाले. माझ्या आडोशात त्याचं पोट आणि त्याखालचा भाग सुखात राहिला. छातीपासून वर तो पहिल्यासारखाच वाऱ्यात होता, त्यात माझे केस त्याच्या तोंडात जायला लागले.

मग शेजारून एक आजी-आजोबा गेले. सत्तरी कधीच ओलांडलेली. सायकली बॅटरीवरच्या, हे मान्य. नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींपैकी निम्म्याच्या आसपास आता तशाच असतात, आणि ताशी पंचवीसपर्यंत मोटर हात देते. पण आजी गप्पा मारत होत्या! त्यांच्या पुढे, विजेविना, एक बाई पुढे लाकडी खोका असलेली सायकल रेटत होती. खोक्यात दोन मुलं, बाजारहाट आणि कुंडीतलं झाड. झाड वाकलं होतं. बाई ताठ होती. इथे अशा वेळी नवरे आणखी एक करतात. शेजारून चालवत बायकोच्या पाठीवर हात ठेवतात आणि हलकेच पुढे ढकलतात. शेजारी-शेजारी चालवायला कायद्याची परवानगी आहेच. दिसायला ते फार गोड दिसतं. माझ्या नवऱ्याने तेही पाहिलं.

मी नको म्हणत होते. ते त्याला ऐकू गेलं नाही.

त्याने पाठीवर हात ठेवला, जोर लावला, आणि त्याच्या हँडलचं उजवं टोक माझ्या डाव्या टोकात अडकलं. मी हँडलवर ब्रेक शोधला. आम्ही दोघं जोडसायकल होऊन बांधाच्या उतारावरून गवतात उतरलो. खाली कालवा होता, पण त्याच्या आधी मेंढ्या होत्या. बांधावरचं गवत आखूड राहावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्यांनी शांतपणे जागा करून दिली. कोणाला लागलं नाही. चिमट्यातून सुटलेली क्रमांकांची चिठ्ठी मात्र किंडरडाइकच्या दिशेने जोरात निघाली होती, आणि तिला काहीच श्रम पडत नव्हते.

तिच्या मागोमाग मी सायकल वळवली.

"कुठे निघालीस?"

"वॉटरबसला."

सह्याद्रीत मागे फिरणं हा त्याच्या लेखी कमीपणा आहे. तो घराकडे निघाला, मी धक्क्याकडे. दहा मिनिटांत तिथे पोचले, पॅडल न मारता. वॉटरबसमध्ये काचेआड बसून गरम कॉफी पीत मी नदीतून परत आले. काचेतून बांध दिसत होता आणि बांधावर अधूनमधून पुढे वाकलेली एखादी आकृती. त्यांतला माझा कोणता, ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं. सगळेच सारखे वाकलेले.

तो घरी आला तेव्हा माझी आंघोळ झाली होती, भात झाला होता, आणि त्याचे केस मागच्या मागे उभे राहून तसेच थिजले होते. त्याच अवतारात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. फोटो आधीच पोचले होते. निळं आकाश, ऊन, हिरवंगार, काटकोनात मापून घातलेलं गवत, पवनचक्क्या.

"किती छान आहे रे! आणि एवढा दमलेला का दिसतोस?"

"सायकलने गेलो होतो, आई."

"पण सगळं सपाट तर दिसतंय."

इथे त्याची खरी गोची आहे, आणि या एका बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. गडाचा फोटो असला की खाली दरी दिसते, कडा दिसतो, माणसाचा चेहरा आणि चढ एका चौकटीत येतात. बघणाऱ्याला न सांगता पटतं. वाऱ्याचा फोटो येत नाही. येतो तो बागेत सायकल चालवणाऱ्या, विनाकारण तोंड वेंगाडलेल्या माणसाचा. त्याने व्हिडिओ काढून पाहिला. नुसती फडफड ऐकू येते, माइक खराब आहे असं वाटतं. पुढच्या वेळी त्याने मला केस मोकळे सोडून पुढे उभं राहायला सांगितलं, पुरावा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, केस छान वाढलेत.

ऑफिसातल्या डच सहकाऱ्यापुढे त्याने हे गाऱ्हाणं मांडलं. त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमचे डोंगर हेच आहेत. आणि त्याची राष्ट्रीय स्पर्धाही असते. मला वाटलं, थट्टा करतोय. पण आहे. २०१३ मध्ये सुरू झाली. समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याचं राष्ट्रीय अजिंक्यपद! झेलंडमध्ये ओस्टरस्खेल्डेचा जो समुद्री बांध आहे, १९५३ च्या महापुरानंतर धरलेल्या कामातला, १९८६ मध्ये सुरू झालेला, त्याच्यावर. साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना एकसारख्या, गिअर नसलेल्या, उलट पॅडलच्या ब्रेकच्या साध्या सायकली. वारा किमान ७ ब्यूफोर्ट हवा, म्हणजे ताशी पन्नासच्या पुढे. त्यामुळे तारीख आधी ठरत नाही. वादळाचा अंदाज आला की दोन-चार दिवस आधी जाहीर करतात आणि माणसं कामधाम सोडून नावं नोंदवायला धावतात. ज्या वाऱ्यात बाकीचे देश घराबाहेर पडू नका म्हणतात, त्यात हे लोक छातीला क्रमांक लावतात.

त्या दिवसापासून नवरा खुशीत आहे. त्याला डोंगर सापडला. हवामानाच्या पानावर हल्ली तो पाऊस बघतच नाही, थेट वाऱ्याच्या रकान्याकडे जातो, आणि वादळाची चाहूल लागली की त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी पावसाळ्यातल्या ट्रेकच्या आदल्या रात्री दिसायचं ते तेज येतं. स्पर्धेत संघालाही भाग घेता येतो म्हणे. पुढे कोण, मागे कोण याची आखणी त्याने करून ठेवली आहे आणि माझी उंची कमी असल्याने मला सबंध वेळ मागे राहायला मिळेल, असं तो उदारपणे सांगतो.

मीही नकाशा उघडून पाहिला. तिथे वॉटरबस जात नाही.