भूकंपांची ‘साखळी’ आणि ७२ तासांची भीती
मावशीने एक फॉरवर्ड पाठवून खाली विचारलं, "खरं का गं हे?" तो वाचून ती रात्रभर जागी होती, म्हणून राग आवरत नाहीये. मेसेज म्हणतो: जगातल्या सगळ्या भ्रंशरेषा (जिथे जमिनीखालचे खडक तुटून सरकतात त्या भेगा) आतून जोडलेल्या आहेत, एकीकडे मोठा भूकंप झाला की ती ऊर्जा सरकत जाऊन ७२ तासांत दुसऱ्या खंडात बाहेर पडते, छोटे धक्के बसले की मोठा टळतो, आणि ग्रह एका रेषेत आलेत.

जोडणीच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते मान्य. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला आणि नऊ तासांनी जवळच्याच वेगळ्या भ्रंशावर ७.५ चा. एक भ्रंश सरकला की शेजारच्या खडकांवरचा ताण बदलतो. पण तो काही ठिकाणी वाढतो तसा काही ठिकाणी कमीही होतो, आणि अंतर वाढेल तसा हा परिणाम झपाट्याने विरतो. दूरवर पोचतात त्या फक्त लाटा. १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपाच्या लाटांनी हजार किलोमीटरपलीकडे येलोस्टोनमध्ये धक्के सुरू केले, पण ते लहान होते.

आता ते ७२ तास. मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलाटा, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लाटा, सुमारे तीन तासांत पृथ्वीला वळसा घालतात. जमिनीखाली तीन दिवस दबा धरून बसणारी, मग खंड निवडणारी ऊर्जा कुठून आणली? टॉम पार्सन्स आणि एरन व्हेलास्को या भूकंप-अभ्यासकांनी ३० वर्षांतले ७ किंवा अधिक तीव्रतेचे २०५ भूकंप तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला: अशा भूकंपानंतर ५ ते ७ तीव्रतेच्या भूकंपांचा धोका वाढतो तो त्याच परिसरात, जगभर नाही. २०१२ मध्ये सुमात्राजवळच्या ८.६ नंतर काही दिवस जगभर ५.५ च्या वरचे धक्के वाढले होते, हेही खरं. पण ते कुठे बसणार हे आधी कोणीच सांगू शकलं नव्हतं, आणि हा मेसेज तर थेट मुदत देऊन मोकळा होतो. मुदतीचा खरा घात पुढेच आहे: तीन दिवस सरले की लोक निर्धास्त होतात. तुर्कस्तानातच १७ ऑगस्ट १९९९ च्या इझमित भूकंपानंतर शेजारचा द्यूझ्जे भाग ७.२ ने हादरला तो ८७ दिवसांनी.

छोट्या धक्क्यांनी मोठा टळत नाही. तीव्रतेच्या एका अंकामागे ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. ८ ची भरपाई करायला ५ चे तीसेक हजार धक्के लागतील. जपानमध्ये ९ मार्च २०११ ला ७.३ चा धक्का बसला. त्याने काही टळलं नाही, दोनच दिवसांनी ९ चा आला.

ग्रहांबद्दल एवढंच: रांगेत असोत वा नसोत, ७ च्या वरचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधराएक होतातच. त्यामुळे कुठलीही तारीख धरा, आगेमागे एखादा सापडतोच.