एका आकड्यात न मावणारी चूक

एसआरटीएम या, अंतराळयानातल्या रडारने जमिनीची उंची मोजणाऱ्या मोहिमेच्या नोंदींची जीपीएसने मोजलेल्या बिंदूंशी तुलना करणाऱ्या या लेखात एसआरटीएमच्या उंचीतील चूक ‘१६ मीटर’ अशी एकाच आकड्यात सांगितली आहे. तो मोहिमेपुढे ठेवलेला निकष होता: ९० टक्के ठिकाणी चूक त्याहून कमी असावी. प्रत्यक्षात सपाट माळावर ती बरीच कमी भरते आणि सह्याद्रीच्या कड्यांवर, जिथे रडारच्या तिरक्या लहरींना कडेच आड येतात, कितीतरी वाढते. शिवाय फेब्रुवारी २००० मध्ये वापरलेल्या सी-बँडच्या, सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी दाट झाडीतून जमिनीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाहीत; त्यामुळे कोयनेच्या जंगलात मिळणारी उंची जमीन आणि झाडांचे शेंडे यांच्यामधली कुठली तरी असते.

याहून गंभीर मुद्दा संदर्भपातळीचा आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. जीपीएस मुळात लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गुळगुळीत गणिती रूपापासूनची उंची देते, एसआरटीएमची उंची मात्र ईजीएम९६ या जिऑइडपासून, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीशी साधारण जुळणाऱ्या पातळीपासून मोजलेली आहे, आणि मुंबईजवळ या दोन पातळ्यांमध्ये साठ मीटरांहून अधिक अंतर आहे. ही दुरुस्ती न करता केलेली तुलना, जमिनीवरचे बिंदू कितीही काळजीपूर्वक मोजलेले असले तरी, निरर्थक ठरते. दुरुस्तीनंतरही चुकीचा सरासरी कल (उंची एकंदरीत जास्त भरते की कमी) आणि विखुरलेपणा उतारानुसार व भूआच्छादनानुसार वेगवेगळे द्यावेत, अशी लेखकांना विनंती आहे.