एका शनिवारचा मर्ज कॉन्फ्लिक्ट

ओपन सोर्सवाली, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला ठेवणारी, माणसं एकमेकांचं तोंड न पाहता काय वाट्टेल ते करू शकतात. १९९१च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्यानं एका न्यूजग्रुपवर लिहिलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, आपली हौस म्हणून, फार मोठं काही नाही. पुढे कुठल्याकुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवपाठवून त्या हौसेचं असं काही करून ठेवलं, की २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणकांवर लिनक्सच आहे. २००५ साली त्याच गृहस्थानं कोडमधले बदल सांभाळणारं गिट लिहिलं. गिटची सगळी करामत अशी, की प्रत्येकाकडे सगळ्याची आपापली प्रत. ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं, आपल्या घरी, वाटल्यास रात्री तीनला काम करावं. जुळवाजुळव मागाहून. तिला मर्ज म्हणतात, आणि दोघांचे बदल एकमेकांवर आपटले की मर्ज कॉन्फ्लिक्ट.

आता याच माणसांना एका शनिवारी, एका वेळी, एका खोलीत आणून दाखवा.

आमच्या मीटअपसाठी मी हे दर महिन्याला करतो. म्हणजे करायला जातो. शनिवारची प्रत काढता येत नाही, तो मागाहून मर्ज होत नाही, आणि ही अडचण गिटनं सोडवलेली नसल्यामुळे ती आपोआप माझ्याकडे येते.

पहिलं घोडं तारखेपाशी अडतं. मी साधा पोल टाकतो: पहिला शनिवार की दुसरा? पहिलं उत्तर, "रविवार का नको?" दुसरं, "हा पोल बंदिस्त सॉफ्टवेअरवर आहे, मी तत्त्व म्हणून मत देणार नाही." तिसरं, "मी माझ्या सर्व्हरवर मुक्त पोल चढवून देतो, दहा मिनिटं द्या." ही दहा मिनिटं पहिला शनिवार उलटून गेल्यावर संपतात, त्यामुळे निम्मा पेच परस्पर सुटतो.

मग आमचा डेबियनवाला उठतो. डेबियन या लिनक्सच्या एका अवताराच्या प्रकल्पात दरवर्षी प्रोजेक्ट लीडर मतदानानं निवडतात आणि मोजणी काँडोर्से पद्धतीनं करतात. मतदारानं सगळ्या पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा, मग प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी समोरासमोर गाठ घालायची. सगळ्यांना हरवेल तो विजयी. अमुक इतक्या लोकशाहीशिवाय तारीख ठरवणं त्याला पटत नाही. ठीक आहे म्हटलं, करू. डेबियनच्या मतपत्रिकेवर बरीच वर्षं 'आणखी चर्चा' असाही एक पर्याय असायचा. तोही त्यानं इमानेइतबारे घातला. महिन्यातल्या सगळ्या शनिवारांना चारी मुंड्या चीत करून 'आणखी चर्चा' निवडून आली.

शेवटी तारीख मीच ठोकून देतो. ओपन सोर्समध्ये याला हुकूमशाही म्हणत नाहीत. म्हणजे म्हणतात, पण प्रेमानं. पायथन भाषेचा कर्ता गीदो वान रॉसम याला लोक कित्येक वर्षं 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. २०१८ साली त्यानं ते पद सोडलं. कारण काय, तर भाषेत := हे चिन्ह घ्यावं की न घ्यावं यावरून झालेली जुंपाजुंपी. दोन अक्षरांचं चिन्ह! मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. फरक एवढाच, की त्याच्यामागे कारभार सांभाळायला पाच जणांचं मंडळ उभं राहिलं. मी पद सोडतो म्हटलं की ग्रुपवर अंगठे येतात, हात एकही वर येत नाही.

तारीख ठरली की ती लोकांना कळवायची. हे वाचून तुम्हाला वाटेल, त्यात काय? काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर असणाऱ्यांशी बोलत नाहीत, ते टेलिग्रामवर आहेत. टेलिग्रामचा सर्व्हर खुला नाही म्हणून काही जण मॅट्रिक्स या खुल्या चॅटवर आहेत. आणि आमचे एक निवृत्त सर आयआरसी या जुन्या चॅटवर आहेत. आयआरसी १९८८ सालची. २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवरून कितीतरी प्रकल्पांनी आपलं बिऱ्हाड लिबेरा चॅटवर हलवलं तेव्हा सरांनीही हलवलं, पण आयआरसी सोडली नाही. "एवढी वर्षं चालतंय ना? मग?" या 'मग'ला उत्तर नाही.

एका उत्साही मुलानं मधे या चारही ठिकाणांना जोडणारा बॉट लिहिला. त्यानंतर एक निरोप चारदा येऊ लागला आणि त्यावरची तक्रार सोळादा. बॉट बंद केला. पण बंद करण्याआधीच जागा बदलल्याचा निरोप दोन ठिकाणी पोचला आणि दोन ठिकाणी राहिला. त्या महिन्यात निम्मी मंडळी जुन्या जागी, निम्मी नव्या जागी. दोन्हीकडून "सुरू केलंय, तुम्ही कुठे आहात?" असे फोटो. मीटअपचा रीतसर फोर्क, म्हणजे एका प्रकल्पाचे दोन, झाला होता. दोन्ही गट आपणच मूळ असल्याचं सांगत होते. त्यातला एक तर म्हणाला, आमच्याकडे कॉन्ट्रिब्यूटर जास्त आहेत.

जागेचं म्हणाल तर ती फुकट हवी, कारण आमच्याकडे निधी नाही, पावतीपुस्तक नाही आणि खजिनदारही नाही. जागा देणारे पहिल्यांदा विचारतात, "तुम्ही विकता काय?" काही नाही. "मग तुमचा फायदा काय?" काही नाही. एवढ्या दोन उत्तरांनंतर समोरचा माणूस सावध होऊन बसतो. काही विकणारा माणूस परवडला, त्याचं निदान कळतं तरी. तिसरा प्रश्न नोंदणी क्रमांकाचा. आम्ही कोडच्या साठ्याची, म्हणजे रिपॉझिटरीची, लिंक देतो.

यातून जागा मिळालीच, तर ती कुठल्यातरी ऑफिसातली मीटिंग रूम असते आणि तिच्या वाटेत सिक्युरिटीवाले काका असतात. काकांकडे एक लांबलचक वही असते. नाव, फोन, कुणाला भेटायचंय, लॅपटॉपची कंपनी, सिरियल नंबर, वेळ, सही. 'कुणाला भेटायचंय' या रकान्यात आमचे लोक 'सगळ्यांना' असं लिहितात. लॅपटॉपची कंपनी हे त्याहून अवघड प्रकरण. ओपन सोर्सवाल्याच्या लॅपटॉपचं झाकण दिसत नाही, त्यावर स्टिकर असतात. काकांनी एकाचा लॅपटॉप उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, उजेडात तिरका धरला. फायरफॉक्सचा कोल्हा, डेबियनचं भोवरा-चिन्ह, पोस्टग्रेस डेटाबेसचा हत्ती, गो भाषेचा घुशीसारखा प्राणी, आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, लिनक्सचा पेंग्विन टक्स. हा पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी यूइंगनं काढला, मुक्त सॉफ्टवेअर वापरून काढला, वगैरे आमच्या मुलानं तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली. मागे रांग. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'कंपनी'च्या रकान्यात लिहिलं: पेंग्विन. खालच्या सगळ्यांच्या नावापुढे दोन ठिपके मारून 'वरीलप्रमाणे'.

आत गेल्यावर प्रोजेक्टर. यावर मी फार लिहिणार नाही, कारण अजून जखम ओली आहे. व्हीजीए हे कनेक्टर १९८७ सालचं, भिंतीत ते असतं. वक्त्याच्या नव्या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असतं. आणि मधले दोन-तीन डोंगल ज्याच्या पिशवीत आहेत तो माणूस त्या दिवशी आलेला नसतो. आमच्या ग्रुपात लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पॅच दिलेली माणसं आहेत. पण खरा मान त्या डोंगलवाल्याला. तो आजारी पडला तर आम्ही मनापासून चौकशी करतो.

एकदा 'लिनक्स डेस्कटॉप आता सर्वसामान्यांसाठी सज्ज' असा विषय होता. वक्त्यानं केबल लावली, पडदा निळाच. त्यानं टर्मिनल उघडून पडदा जुळवणारं एक्सरँडर चालवलं. चार जण उठून त्याच्या मागे उभे राहिले. "रिझोल्यूशन कमी कर." "मिरर कर, एक्स्टेंड नको." "वेलँडवर आहेस का? एक्स-११वर लॉग इन कर ना." "कर्नल कुठलंय?" कर्नल विचारलं गेलं की समजावं, वेळ हातची गेली. अखेर पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं काही न बोलता आपला लॅपटॉप पुढे केला, उष्ट्या सफरचंदाची खूण असलेला. तो एका फटक्यात दिसू लागला. त्यावर तासभर लिनक्स डेस्कटॉपच्या सज्जतेबद्दलचं व्याख्यान झालं. सफरचंदावर कुणीतरी हळूच टक्स चिकटवला होता.

वक्त्यांची तर वेगळीच तऱ्हा. बोलायला कुणी तयार नसतं, आणि तयार झालेला थांबायला तयार नसतो. म्हणून आम्ही पाच मिनिटांची लाइटनिंग टॉक सुरू केली. पहिल्याच वक्त्यानं 'माझ्याविषयी' या स्लाइडवर पाच मिनिटं काढली आणि मग म्हणाला, "आता विषयाकडे वळू." प्रश्नोत्तरांत एक जण हमखास उभा राहतो आणि म्हणतो, "प्रश्न नाहीये, जरा कॉमेंट आहे." ही जरा कॉमेंट मूळ भाषणापेक्षा लांब आणि, खरं सांगायचं तर, अनेकदा बरी असते. त्यातून कुणाच्या डेमोत व्हिम हा कोड लिहायचा एडिटर दिसला की दुसऱ्या एडिटरचे, इमॅक्सचे, भक्त खोकतात. व्हिमचा पूर्वज व्हीआय आणि मूळ इमॅक्स, दोन्ही १९७६ सालचे. हे भांडण आमच्या बहुतेक सभासदांपेक्षा वयानं मोठं आहे, त्यामुळे ते मानानंच वागतात त्याच्याशी; दर वेळी वीस मिनिटं देतात.

मागच्या मीटअपला कंटेनरवर (सॉफ्टवेअर बंद डब्यात घालून चालवायची तऱ्हा) व्याख्यान चालू असताना दार उघडून एक वयस्कर गृहस्थ आत आले. दोन्ही हातांत मोठी पिशवी. पिशवीत प्रिंटर. "इथे फुकट सॉफ्टवेअरवाले बसतात ना?" कुणाची तरी मान 'फुकट' शब्दावर आक्षेप घ्यायला ('मुक्त' म्हणा!) वर झाली होती, पण प्रिंटर पाहून ती तशीच राहिली. कारण आमच्याकडे प्रिंटरचा मान वेगळा. १९८०च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये एक नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा अशी सोय जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमननी केली होती. नव्याचा सोर्स कोड कुणी देईना. बंदिस्त सॉफ्टवेअरवरचा राग कसा पक्का होत गेला हे सांगताना स्टॉलमन स्वतः हा किस्सा सांगतात. १९८३च्या सप्टेंबरात त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. थोडक्यात, एका माणसाला प्रिंटर नीट करू दिला असता तर आम्ही सगळे त्या शनिवारी घरी असतो.

कंटेनर तिथेच राहिला. प्रिंटर मधल्या टेबलावर आला. एकानं एलएसयूएसबी चालवून त्याचा आयडी काढला, दुसऱ्यानं ड्रायव्हर शोधला, तिसऱ्यानं लॉग वाचायला घेतले. आयआरसीवरचे सर त्या दिवशी प्रत्यक्ष आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागदाचा ट्रे काढला आणि आत अडकलेली चुरगळलेली चिठ्ठी चिमटीत धरून बाहेर ओढली. कॉन्फिग फाइल दुरुस्त करायला कुणीतरी व्हिम उघडलं. खांद्यावरून पाहणारा इमॅक्सवाला गप्प होता. मी इतकी वर्षं या मंडळींना एका खोलीत आणतोय, पण एका वेळी एकाच कामावर इतके जण मी पहिल्यांदाच पाहिले. तासाभरानं प्रिंटर घरघरला आणि चाचणीचं पान बाहेर आलं, रंगांच्या पट्ट्यांसकट. टाळ्या पडल्या. जागा देणाऱ्या ऑफिसातला माणूस काय झालं म्हणून डोकावून गेला.

गृहस्थांनी पान हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं.

"छापतो तो," ते म्हणाले. "घरीही छापतो. मला स्कॅनर चालू करून हवा होता."

पुढच्या मीटअपचा विषय तिथेच ठरला, स्कॅनर, एकमतानं, काँडोर्सेशिवाय. त्या गृहस्थांना येताना प्रिंटर पुन्हा आणायला सांगितलंय. तारखेवर अजून चर्चा चालू आहे.